आयुष्य वाचले, स्मृतीचे काय?

कर्करोगावरील उपचाराचे यश मोजण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. गाठ किती आकसली, रोग पुन्हा उद्भवला की नाही आणि रोगी किती वर्षे जगला, या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आली, की उपचार यशस्वी झाला असे डॉक्टर म्हणतात, नातेवाईक म्हणतात आणि वर्तमानपत्रेही म्हणतात. या तीन प्रश्नांचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. मृत्यूच्या दारातून माणूस परत आणणे ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु या तिहींच्या पलीकडे एक चौथा प्रश्न आहे, आणि तो विचारण्याची सवय आपल्याकडे अजून रुळलेली नाही. जो माणूस परत आला, तो पूर्वीइतका विचार करू शकतो काय? त्याला आठवते काय? त्याचे चित्त एका कामावर ठरते काय?

जिल्ह्याच्या गावी एखाद्या कचेरीत काम करणारा वरिष्ठ लिपिक डोळ्यांसमोर आणावा. मेंदूत गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर सहा आठवडे मेंदूच्या त्या भागाला किरणे देण्यात आली. गृहस्थ बरे होऊन कामावर रुजू झाले तेव्हा सहकाऱ्यांनी पेढे वाटले. वर्ष उलटले आणि कुरबुरी सुरू झाल्या. एकच टिपणी तीन वेळा वाचावी लागते. बेरजेतला हातचा राहून जातो. सकाळी साहेबांनी सांगितलेले दुपारी आठवत नाही. साहेब म्हणतात, यांचे कामात लक्ष नाही. घरची मंडळी म्हणतात, आजारपणाने स्वभाव बदलला. रुग्णालयात छायाचित्र पाहून सांगतात, गाठ कोठेही दिसत नाही, सर्व ठीक आहे. यांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. पण खरे काय ते मात्र कोणीच सांगत नाही. आपल्या बुद्धीला काय झाले आहे हे त्या गृहस्थांना स्वतःलाही उमगत नाही, आणि न उमगलेल्या दुखण्याची तक्रार तरी कोणाकडे करावयाची?

हा प्रश्न मूठभर लोकांचा आहे असे समजून बाजूला सारता येणार नाही. २०२२ साली भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. त्या सर्वांच्या मेंदूला किरणे द्यावी लागत नाहीत. परंतु फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कर्करोग मेंदूत पसरला म्हणून, मेंदूचीच गाठ आहे म्हणून, अथवा रोग मेंदूत शिरू नये म्हणून ज्यांना ती द्यावी लागतात, त्यांची संख्याही लहान नाही. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दिवसभराची उपचार केंद्रे उभारण्याची आणि त्यांपैकी २०० पहिल्याच वर्षात उघडण्याची घोषणा करण्यात आली. उपचाराचा विस्तार होईल तसे वाचणाऱ्यांचे प्रमाणही वाढेल, आणि वाचलेल्यांच्या आयुष्याची प्रत कशी असावी, या प्रश्नाला धोरणात जागा द्यावी लागेल. ती आताच दिलेली बरी.

किरणे नेमके काय करतात

प्रारंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. किरणोपचार, म्हणजे बोलीत ज्याला ‘लाइट देणे’ म्हणतात तो उपचार, शरीराच्या ज्या भागावर होतो त्या भागापुरता त्याचा मुख्य परिणाम असतो. गर्भाशयमुखाला किंवा स्तनाला किरणे दिली म्हणून मेंदूच्या पेशी भाजून निघत नाहीत. अशा रुग्णांना जो विसराळूपणा जाणवतो, त्याची कारणे रासायनिक औषधे, रक्तक्षय, निद्रानाश, चिंता यांत शोधावी लागतात. प्रस्तुत प्रश्न आहे तो मुख्यतः ज्यांच्या मेंदूवरून किरणे गेली त्यांचा.

किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. मेंदूत ठिकठिकाणी पसरलेल्या रोगासाठी संपूर्ण मेंदूला दोन आठवड्यांत, दहा हप्त्यांत ३० ग्रे देण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ आहे. तिचे दुष्परिणाम तीन टप्प्यांत दिसतात. पहिल्या दिवसांतील डोकेदुखी व मळमळ तात्पुरती असते. पुढील एक ते सहा महिन्यांतील ग्लानी व मंदपणा बहुधा ओसरतो. सहा महिन्यांनंतर जे उतरू लागते ते मात्र सहसा परतत नाही. ॲम्स्टरडॅम येथील संशोधकांनी मेंदूत संथ वाढणारी गाठ असलेल्या रुग्णांची सरासरी १२ वर्षांनी पुन्हा तपासणी केली. ज्यांना किरणे दिलीच नव्हती त्यांची स्थिती टिकून होती. ज्यांना दिली होती त्यांचे अवधान क्षीण होत गेले होते, आणि प्रत्येक हप्ता दोन ग्रेपेक्षा मोठा नसतानाही हे घडले होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा अर्थ असा, की उपचारानंतर वर्ष-दोन वर्षांत मारलेला ‘सर्व ठीक’ हा शेरा अंतिम मानता येत नाही.

हे का घडते याचाही उलगडा आता बराच झाला आहे. सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात, मज्जातंतूंवरील आवरण झिजते आणि मेंदूत एक प्रकारचा दाह दीर्घकाळ धुमसत राहतो. मेंदूच्या दोन्ही बाजूंस खोलवर हिप्पोकॅम्पस नावाची लहानशी रचना आहे. नवी आठवण साठविण्याचे काम तिच्याकडे असते. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या अपस्मारावर उपाय म्हणून शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल यांनी दोन्ही बाजूंचा हा भाग काढून टाकला. फिट्स कमी झाल्या. पण २००८ साली मृत्यू येईपर्यंत त्यांना नवी अशी कोणतीही घटना स्मरणात ठेवता आली नाही. हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी घडविणाऱ्या ज्या मूळ पेशी असतात, त्या किरणांना विशेष हळव्या असतात आणि दाहामुळे त्यांचे कार्य खुंटते, हे २००२ साली मिशेल मॉन्जे व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले. ‘आयुष्याचे वार्धक्य’ म्हणून ज्याकडे आपण पाहत होतो, त्याला एक नेमका पत्ता आहे हे त्यामुळे स्पष्ट झाले.

मुलांनी शिकविलेला धडा

या विषयाचा सर्वांत उद्बोधक इतिहास मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी या रोगाने ग्रासलेले मूल वाचणे हा अपवाद होता. औषधांनी रक्तातील रोग हटे, पण तो मेंदूत दडून बसे आणि परत येई. अमेरिकेतील मेंफिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी मेंदूला २४ ग्रे किरणे आधीच देऊन ही वाट बंद केली, आणि त्या दशकाच्या अखेरीस निम्मी मुले बरी होऊ लागली. वैद्यकाच्या इतिहासातील हा मोठा विजय होता, यात संशय नाही.

परंतु वाचलेली मुले शाळेत जाऊ लागली तेव्हा दुसरी बाजू दिसली. अंकगणित, अवधान, कामाचा वेग यांत अनेकजण मागे पडत होते; आणि किरणे घेताना वय जितके लहान, तितकी हानी अधिक. हे मोजले गेले, म्हणून पुढचे पाऊल उचलले गेले. मात्रा २४ वरून १८ ग्रेवर आली. नंतर किरणे फक्त धोका अधिक असलेल्या मुलांपुरती राखली गेली. अखेर २००० ते २००७ या काळात त्याच रुग्णालयाने ४९८ मुलांवर, एकाच्याही मेंदूला प्रतिबंधक किरणे न देता, औषधांची नेटकी योजना करून उपचार केले. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ९३.५ टक्के निघाले.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवले पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. मेड्युलोब्लास्टोमा या लहान मुलांच्या मेंदूच्या गाठीत संपूर्ण मेंदू व कणा यांना द्यावयाची मात्रा ३६ ग्रेवरून २३.४ ग्रेपर्यंत उतरविता आली. ती आणखी उतरवून लहान वयाच्या मुलांत १८ ग्रेवर आणून पाहिली, तेव्हा बुद्धी अधिक टिकली. पण पाच वर्षांनी रोगाविना जगणाऱ्यांचे प्रमाण ८२.९ टक्क्यांवरून ७१.४ टक्क्यांपर्यंत घसरले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीने एक कठोर सत्य सांगितले: प्रत्येक ठिकाणी किरणे कमी करता येत नाहीत. कोठे करता येतात आणि कोठे नाही, हे भावनेने ठरत नाही, मोजून ठरते. म्हणून हा लेख वाचून कोणी आपल्या माणसाचा किरणोपचार अर्ध्यावर सोडील, तर ते अत्यंत घातक होईल. मागणी किरणे नाकारण्याची नाही. ती कोठे, किती आणि कशी द्यावी हे ठरविताना बुद्धीची किंमतही हिशेबात धरा, एवढीच मागणी आहे.

टाळणे हा पहिला उपचार

जी हानी नंतर भरून येत नाही, तिच्यावरचा खरा उपचार ती होऊ न देणे हाच. मेंदूत एक ते तीन दुय्यम गाठी असलेल्या २१३ रुग्णांची चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. काहींना केवळ गाठींवर नेम धरून किरणे दिली. इतरांना त्याच्या जोडीला संपूर्ण मेंदूलाही दिली. तीन महिन्यांनी तपासले तेव्हा पहिल्या गटात ६३.५ टक्के आणि दुसऱ्या गटात ९१.७ टक्के लोकांची बौद्धिक क्षमता घटलेली आढळली. आयुर्मानात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. यातील पहिला आकडाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. संपूर्ण मेंदू वगळूनही निम्म्याहून अधिक लोकांची घसरण झाली, म्हणजे दोष केवळ किरणांचा नाही. खुद्द रोगही बुद्धी पोखरतो. आणि संपूर्ण मेंदूला किरणे दिलेल्या गटात नव्या गाठी उद्भवण्याचे प्रमाण कमी होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नेम धरून उपचार करावयाचा, तर दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय करून मेंदूवर पहारा ठेवावा लागतो. गडचिरोलीहून किंवा नंदुरबारहून येणाऱ्या रुग्णाला हा पहारा परवडेल काय, हा प्रश्न बॉस्टनच्या डॉक्टरला पडत नसेल. आपल्या डॉक्टरला पडलाच पाहिजे.

त्याच वर्षी ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील ५३८ रुग्णांची आणखी एक चाचणी प्रकाशात आली. फुप्फुसाचा कर्करोग मेंदूत पसरलेला, शस्त्रक्रिया किंवा नेम धरून किरणे देणे शक्य नाही, असे हे रुग्ण होते. अर्ध्यांना स्टेरॉइड व शुश्रूषेबरोबर संपूर्ण मेंदूला किरणे दिली, अर्ध्यांना ती दिली नाहीत. दोन्ही गटांच्या आयुर्मानात अर्थपूर्ण फरक आढळला नाही. आयुष्याची लांबी आणि प्रत एकत्र धरून हिशेब केला, तर फरक पाच दिवसांहूनही कमी होता. याचा अर्थ अशा खालावलेल्या रुग्णांपैकी अनेकांना, त्यांचे उरलेले थोडके आठवडे रुग्णालयाच्या खेपांत न घालविता, आपल्या माणसांत शुद्धीने घालविता येतील. येथे खर्चही वाचतो आणि स्मृतीही वाचते.

संपूर्ण मेंदूला किरणे देणे अटळच असेल तेव्हाही एक मार्ग निघाला आहे. संगणकाच्या साहाय्याने किरणांची आखणी अशी करावयाची, की हिप्पोकॅम्पसवर ती कमीतकमी पडतील. ५१८ रुग्णांच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने बौद्धिक घसरणीचा धोका सुमारे एकचतुर्थांशाने कमी झाला. आयुर्मानात किंवा मेंदूतील रोगाच्या नियंत्रणात काही उणे पडले नाही.

हे सारे परदेशातले, असे कोणी म्हणू नये. मुंबईच्या परळ भागातील टाटा स्मारक रुग्णालयात २००१ ते २०१२ या काळात ३ ते २५ वर्षे वयाच्या २०० रुग्णांवर अशीच एक काटेकोर चाचणी झाली. मेंदूत सौम्य किंवा संथ वाढणारी गाठ असलेल्या या मुलांना व तरुणांना ५४ ग्रे मात्रा ३० हप्त्यांत द्यावयाची होती. निम्म्यांना रूढ पद्धतीने आणि निम्म्यांना गाठीच्या आकाराबरहुकूम नेमकी बेतून ती देण्यात आली. डॉ. राकेश जलाली व सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, पाच वर्षांच्या काळात दुसऱ्या गटाचा बुद्ध्यंक अधिक चांगला टिकला. अंतःस्रावी ग्रंथींचे बिघाडही ५१ ऐवजी ३१ टक्क्यांत आढळले. आणि जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. याच रुग्णालयाच्या आधीच्या अभ्यासात डाव्या कानशिलाच्या आतील मेंदूखंडाच्या १३ टक्क्यांहून अधिक भागाला ४३.२ ग्रेपेक्षा जास्त मात्रा पोहोचली, तर बुद्ध्यंकात मोठी घट होण्याचा संभव वाढतो असे दिसले होते. परळला जे ज्ञान निर्माण झाले, ते परळच्या बाहेर प्रत्येक किरणोपचार केंद्रात रोजच्या व्यवहारात उतरले आहे काय, हा प्रश्न त्या त्या केंद्राने स्वतःला विचारावा. प्रोटॉन किरणांची महागडी यंत्रे चेन्नईत २०१९ पासून आणि त्यानंतर खारघरलाही आली. त्यांचे स्वागत करावे. पण बहुसंख्य रुग्णांचे भवितव्य त्या यंत्रांपेक्षा साध्या यंत्रावरील काळजीपूर्वक आखणीवर अवलंबून राहणार आहे.

औषधांची मर्यादा

हानी होऊ लागली किंवा झाली, तर औषध आहे काय? उत्तर ‘थोडेसे’ असे आहे, आणि ते तसेच सांगितले पाहिजे. मेमँटिन हे मूळचे वृद्धांच्या स्मृतिभ्रंशावरचे औषध. संपूर्ण मेंदूला किरणे घेणाऱ्या ५०८ रुग्णांवर ते सहा महिने वापरून पाहिले. चाचणीची जी मुख्य कसोटी ठरविली होती, तिच्यावर ते थोडक्यात उतरले नाही. मात्र बौद्धिक घसरण सुरू होण्यास विलंब लागला: २४ आठवड्यांअखेर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत घसरणीची शक्यता ६४.९ टक्के होती, ती मेमँटिन घेणाऱ्यांत ५३.८ टक्के झाली. शंभरांत अकरा जणांचा हा फरक. चमत्कार नव्हे, पण ज्या घरातला तो अकरांपैकी एक असेल, त्या घराला तो क्षुल्लक वाटणार नाही. औषधाचे स्वामित्वहक्क संपलेले आहेत, आपल्या अनेक कंपन्या ते बनवितात, आणि त्याचा त्रासही फारसा नाही. ते किरणोपचाराबरोबरच सुरू करावे लागते, म्हणून डॉक्टरांना ते वेळीच आठवले पाहिजे.

किरणोपचार होऊन सहा महिने लोटलेल्या १९८ रुग्णांवर डोनेपेझिल या दुसऱ्या औषधाची चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. एकूण गुणांत फरक पडला नाही. ओळख पटण्याच्या स्मृतीत व हातांच्या वेगात थोडी सुधारणा झाली. ज्यांची हानी आधीच जास्त होती त्यांना लाभ अधिक झाला. चित्त एकाग्र करणारे मेथिलफेनिडेट काही मुलांना उपयोगी पडते. प्रौढांत त्याचे निष्कर्ष संमिश्र आहेत. गेलेली स्मृती परत आणणारी गोळी आज जगात कोठेही नाही. जो ती विकतो, तो फसवितो. स्मृती वाढविण्याची हमी देणाऱ्या बाटल्यांच्या जाहिराती वाचणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे.

आधी दुरुस्त होणारे शोधा

औषधाच्या आधी एक साधे काम मात्र सर्वत्र होण्यासारखे आहे, आणि तेच बहुधा राहून जाते. विसराळूपणाचे सगळे खापर किरणांवर फोडण्यापूर्वी, दुरुस्त होणारी कारणे शोधली पाहिजेत. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीला किंवा मानेतील थायरॉइड ग्रंथीला किरणे लागली, तर थायरॉइडचा स्राव कमी पडतो. माणूस मंद होतो, त्याला थंडी वाजते, झोप अनावर होते. तंबाखूपायी आपल्याकडे तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे असल्याने मानेला किरणे घेणारेही पुष्कळ आहेत. एक रक्ततपासणी आणि रोज एक स्वस्त गोळी एवढ्यावर यातील कित्येकांचा मंदपणा दूर होऊ शकतो. रक्तक्षय, जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता, दीर्घकाळ चालू राहिलेली स्टेरॉइडे, फिट्स रोखणाऱ्या काही गोळ्या, अपुरी झोप आणि मनाला ग्रासणारे नैराश्य, हीही स्मृतीवर सावट टाकतात. यांपैकी प्रत्येकावर उपाय आहे.

यानंतर येते ते शिक्षण. नेदरलंड्समध्ये मेंदूच्या गाठीचे १४० रुग्ण घेऊन एक चाचणी झाली आणि ती २००९ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना काही आठवडे अवधानाचे सराव आणि दैनंदिन जीवनात स्मृतीला आधार देण्याच्या युक्त्या शिकविल्या. सहा महिन्यांनी त्यांचे अवधान व शब्दस्मृती इतरांहून चांगली होती आणि मानसिक थकवा कमी होता. युक्त्या म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. कामे सांगितली त्याच क्षणी वहीत टिपणे, एका वेळी एकच काम हाती घेणे, अवघड काम सकाळी उरकणे, वस्तूंची जागा न बदलणे, दुपारी ठरलेली विश्रांती घेणे. ज्या देशात मुलांना पाढे घोकून पाठ करविण्याची परंपरा आहे, त्या देशाला सरावाचे सामर्थ्य कोणी समजावून सांगावे लागू नये. उणीव आहे ती हे शिकविणाऱ्या प्रशिक्षित माणसांची.

‘हे आपल्याला परवडेल काय?’

येथे एक आक्षेप हमखास येईल, आणि तो रास्त आहे. जेथे किरणोपचाराचे यंत्र गाठण्यासाठीच माणसाला दोनशे मैल प्रवास करावा लागतो, वेळेवर पाळी लागत नाही, उपचार चालू असताना फुटपाथवर रात्र काढावी लागते, तेथे स्मृतीची चिंता करणे ही चैन नव्हे काय? आधी जीव तर वाचू द्या!

या आक्षेपात तळमळ आहे, पण हिशेब चुकलेला आहे. उपयोग नसलेल्या ठिकाणी संपूर्ण मेंदूला किरणे न देणे, याला पैसा लागत नाही. उलट यंत्राचा वेळ मोकळा होतो आणि पाळीत ताटकळणाऱ्या दुसऱ्या रुग्णाला तो मिळतो. थायरॉइडची तपासणी स्वस्त आहे. बौद्धिक क्षमतेची प्राथमिक चाचणी तर त्याहून सोपी. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका चाचणीत रुग्णाला बारा शब्दांची यादी तीनदा वाचून दाखवितात आणि वीस-पंचवीस मिनिटांनी किती शब्द आठवतात ते विचारतात. त्यासाठी लागतो एक कागद, एक घड्याळ आणि शिकविलेला एक माणूस. मात्र इंग्रजी यादीचे भाषांतर केले म्हणजे चाचणी मराठी होत नाही. शब्द आपल्या रुग्णाच्या व्यवहारातले हवेत, आणि शाळेची पायरी न चढलेल्या शेतमजूर बाईला पदवीधराच्या मापाने मोजता कामा नये. आपल्या विद्यापीठांतील मानसशास्त्र विभागांनी कर्करोग रुग्णालयांच्या सहकार्याने हे काम हाती घेतले, तर ते अनेक प्रबंधांहून अधिक उपकारक ठरेल.

चाचणी उपचारापूर्वी एकदा आणि नंतर ठरावीक अंतराने घेतली पाहिजे. आधीचे माप नसेल तर नंतरची घट सिद्ध करता येत नाही, आणि सिद्ध न झालेली घट ही कामचुकारपणा ठरते. नव्याने उघडावयाची जिल्हा केंद्रे याच कामासाठी योग्य आहेत. किरणे मुंबई-पुणे-नागपुरास घ्यावी लागली, तरी त्यानंतरची स्मृतीची, थायरॉइडची आणि मनःस्थितीची तपासणी गावाजवळ होऊ शकते. या केंद्रांच्या आराखड्यात एका मानसशास्त्रज्ञाचे पद असावे, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

कचेरी आणि वर्ग

उरलेली जबाबदारी डॉक्टरांची नाही. ती आपणा सर्वांची आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. त्यांत मज्जासंस्थेचे दीर्घकालीन आजार हा वर्ग आहे. पण किरणोपचाराने आलेली बौद्धिक घट अशी स्वतंत्र नोंद नाही. दिसणाऱ्या अपंगत्वाला प्रमाणपत्र मिळते, न दिसणाऱ्याला ठपका मिळतो. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने कामावरून काढू नये, त्याची पदावनती करू नये, जुने काम झेपत नसल्यास त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे, अशी स्पष्ट तरतूद याच अधिनियमाच्या विसाव्या कलमात आहे. आपल्या लिपिक गृहस्थांना तिचा लाभ व्हावयाचा, तर त्यांच्या घटलेल्या क्षमतेचे मोजमाप कागदावर हवे, आणि प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाला हा विकार ठाऊक हवा. कर्मचारी संघटना महागाई भत्त्यासाठी जितक्या दक्ष असतात, त्याच्या दशांश दक्षतेने त्यांनी हा विषय लावून धरावा.

शिक्षकांचे स्थान तर याहून महत्त्वाचे आहे. कर्करोगातून उठलेले मूल वर्गात परत येते तेव्हा त्याचे केस उगवलेले असतात, चेहरा भरलेला असतो, आणि ते पूर्ण बरे झाले असे सर्वजण समजतात. ते फळ्यावरचे उतरवून घेण्यात मागे पडते, गणिताच्या तिसऱ्या पायरीवर पहिली विसरते. त्याची हानी अशी की शिकलेले पुसले जात नाही, पण नवे शिकण्याचा वेग मंदावतो. म्हणून बरोबरीच्या मुलांपासूनचे अंतर वर्षागणिक वाढत जाते. त्याला ‘ढ’ ठरविणे सोपे आहे. त्याला पुढच्या बाकावर बसविणे, लिहिलेला पाठ हाती देणे, परीक्षेत जादा वेळ मिळवून देण्यासाठी वेळीच शिफारस करणे, हे शिक्षकाच्या हाती आहे. पालकांनीही आजार लपवू नये; जे शिक्षकाला ठाऊक नाही त्याला तो सावरू शकत नाही.

कर्करोगाविषयी आपल्या समाजाने एक लांब वाट चालली आहे. एके काळी या रोगाचे नाव उच्चारणेही अशुभ मानले जाई. १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेव्हापासून ‘हा रोग बरा होऊ शकतो’ एवढे पटविण्यातच पिढ्या खर्ची पडल्या. ते आता पुष्कळसे पटले आहे. यापुढचे पाऊल, बरे होणे म्हणजे काय, याची व्याख्या रुंदावण्याचे आहे. उपचारापूर्वी रुग्णाने व त्याच्या घरच्यांनी डॉक्टरांना नम्रपणे तीन गोष्टी विचाराव्यात: संपूर्ण मेंदूला किरणे देणे अटळ आहे काय? असल्यास स्मृतीचा भाग वाचविता येईल काय? आणि आज माझ्या बुद्धीची नोंद करून ठेवाल काय? हे प्रश्न दहा रुग्णांनी विचारले तर डॉक्टरांना ते आगंतुक वाटतील. दहा हजारांनी विचारले, तर त्यांची उत्तरे उपचाराच्या कागदावर आधीच छापलेली मिळतील.